अमली पदार्थ कायदेशीर करावेत का? मंडळात हा परिसंवाद घ्यायचा असेल तर

इंदूरमधील मराठी मंडळांत व्याख्यानमालेचे किंवा गणेशोत्सवातील परिसंवादाचे विषय ठरवण्याची बैठक बसते, तेव्हा एखादा तरुण सभासद 'अमली पदार्थ कायदेशीर करून त्यांचे नियमन करावे का' हा विषय सुचवतो, ज्येष्ठ मंडळी एकमेकांकडे पाहतात, आणि चहा संपेपर्यंत त्याचे 'व्यसन : एक सामाजिक शाप' असे निरुपद्रवी शीर्षक होऊन जाते. आमच्या मंडळात काही वर्षांपूर्वी हेच घडले. वक्ते चार होते, चौघांचे मत एकच होते आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होते. सव्वा तासाने तिसऱ्या रांगेतील एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझा मुलगा पुडी घेतो. उद्या सकाळी मी त्याला घेऊन कुठे जाऊ, ठाण्यात की दवाखान्यात? ठाण्यात गेले तर त्यालाच आत टाकतील ना?" मंचावरच्या पाच जणांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. आजचा कायदा काय सांगतो हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी तो बदलावा की नाही यावर सव्वा तास बोलावे, याची लाज मला घरी परतताना वाटली. पुढच्या वर्षी हाच विषय आम्ही तीन महिन्यांच्या तयारीने पुन्हा घेतला. ती तयारी कशी करावी, ते येथे लिहिले आहे.

आधी प्रश्नाचे तुकडे करावेत

'कायदेशीर करणे' या एकाच शब्दप्रयोगात किमान तीन निरनिराळ्या मागण्या दडलेल्या असतात. पहिली मागणी अशी की विक्री गुन्हाच राहावी, पण स्वतःपुरते बाळगणाऱ्या आणि सेवन करणाऱ्या माणसावरची फौजदारी शिक्षा उठवावी. दुसरी अशी की व्यसनात अडकलेल्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली तेच द्रव्य किंवा त्याऐवजी दुसरे औषध सरकारी व्यवस्थेतून मिळावे. तिसरी मागणी सर्वांत मोठी आहे : दारूप्रमाणे हेरॉईन किंवा कोकेनही परवानाधारक दुकानातून प्रौढ माणसाला विकत मिळावे. सभेतील बहुतेक भांडणे अशी होतात की एक वक्ता पहिल्या मागणीची बाजू मांडत असतो आणि दुसरा तावातावाने तिसरीला विरोध करत असतो. म्हणून तिन्ही प्रश्न निमंत्रणपत्रिकेवरच वेगवेगळे छापावेत आणि प्रत्येक वक्त्याला तिन्हींवर बोलण्याची अट घालावी.

पदार्थांचीही तशीच विभागणी करावी लागते, आणि आपल्या भागात तर विशेष, कारण येथे कोणीतरी हमखास भांगेचा मुद्दा काढतोच. अमली पदार्थांविरुद्धच्या ज्या कायद्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्या व्याख्येनुसार शेंड्याविना असलेली पाने आणि बिया गांजात मोडत नाहीत. त्यामुळे भांग हा राज्याच्या अबकारी खात्याचा विषय ठरतो आणि उज्जैनला ती परवान्याच्या दुकानात उघड मिळते. महाशिवरात्रीला घोटा घेणारे काका 'नशा म्हटली की सगळी सारखीच' असे म्हणू लागले, तर त्यांना ही माहिती आदराने द्यावी आणि भांग व गांजा या दिवसापुरते बाजूला ठेवावेत. परिसंवाद अफू, हेरॉईन म्हणजे गर्द, कोकेन आणि ज्याला मुले 'एमडी' म्हणतात ते मेफेड्रोन यांपुरताच ठेवावा. हे पहिल्या पाच मिनिटांत जाहीर केले नाही, तर उरलेली सभा भांगेवरच संपते.

कायदा कलमांसह वाचावा

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस, १९८५ साली आला. २००१च्या दुरुस्तीपासून शिक्षा प्रमाणावर ठरते. हेरॉईनच्या बाबतीत ५ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण 'अल्प' आणि २५० ग्रॅमच्या वरचे 'व्यापारी' मानले जाते. अफूसाठी हे आकडे २५ ग्रॅम आणि अडीच किलो, तर कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम असे आहेत. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे, आणि मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नुसत्या सेवनासाठी कलम २७ आहे, ज्यात कोकेन, मॉर्फीन आणि हेरॉईन यांसाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे.

येथे एका निकालावर वकील वक्त्याला मुद्दाम बोलायला लावावे. २०२०च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात असे ठरवले की प्रमाण मोजताना शुद्ध द्रव्याचे वजन वेगळे काढायचे नाही, भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. रस्त्यावरच्या पुडीत काय काय मिसळलेले असते हे ज्याला माहीत आहे, त्याच्या लक्षात लगेच येईल की सहा ग्रॅमची पुडी खिशात सापडलेला मुलगा, तिच्यातील हेरॉईन अर्धा ग्रॅम असले तरी, अल्प प्रमाणाच्या बाहेर जातो. न्यायालयापुढची अडचणही सभेत सांगावी : शुद्ध द्रव्यच मोजायचे ठरवले, तर मोठा विक्रेता भेसळीच्या आडून सुटू शकतो. पहिल्या प्रश्नावरची खरी चर्चा येथून सुरू होते, कारण शिक्षा कोणाची उठवायची हे वजनावर ठरत असेल, तर ते वजन कसे मोजायचे हा प्रश्न टाळता येत नाही.

त्या बाईंना हवे असलेले उत्तर कलम ६४-अ मध्ये आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घ्यायला गेला आणि त्याने ते उपचार पूर्ण केले, तर त्या आरोपाखाली त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९नुसार न्यायालयही दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचारांसाठी पाठवू शकते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचा अर्धा दरवाजा १९८५च्या कायद्यातच उघडा आहे. त्यातून किती जण जातात हा वेगळा मुद्दा, आणि वकील व डॉक्टर दोघेही मंचावर असतील तर त्यांनी तो एकमेकांनाच विचारावा.

एकदा मंदसौरला जाऊन यावे

'नियमन' हा शब्द परदेशी वाटतो, पण अमली द्रव्याच्या सरकारी नियमनाचे भारतातील एक जुने आणि फार बारकाईचे उदाहरण इंदूरपासून दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतरावर, मंदसौर आणि नीमच जिल्ह्यांत आहे. आमच्या तयारीतील सर्वांत उपयोगी दिवस तोच ठरला. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, ओळखीतल्या शेतकऱ्याला आधी विचारून आणि त्याच्याच सोबतीने जावे. उगाच शेतात शिरून फोटो काढू नयेत, कारण प्रत्येक बोंडाचा हिशेब त्याला द्यावा लागतो.

दुपारी बोंडांना उभे चिरे देतात. हाताच्या पकडीत मावणारे लहान हत्यार असते, त्याला पात्यांची बारीक टोके एका ओळीत बसवलेली असतात. चीर पडली की पांढरा चीक पाझरतो, रात्रभरात तो घट्ट आणि तपकिरी होतो, आणि सकाळी ऊन चढायच्या आत लोखंडी पात्याने खरवडून भांड्यात घेतात. एकाच बोंडाला काही दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा चिरे देतात. आम्ही गेलो त्या शेतावर वरून जाळी ताणली होती. नीलगाईंसाठी म्हणून मी विचारले, तर शेतकरी हसून म्हणाला, "त्यांच्यासाठी कुंपण आहे, जाळी पोपटांसाठी. ते बोंडच तोडून नेतात." सरकारचा निरीक्षक पोपटांचा हिशेब मान्य करत नाही, ही त्याची खरी तक्रार होती.

ही तक्रार समजली की व्यवस्था समजते. शेतकऱ्याला दर हंगामासाठी पट्टा म्हणजे लागवडीचा परवाना मिळतो, तोही अलीकडे दहा आरींच्या म्हणजे ०.१० हेक्टरच्या आतला. रोज निघालेला चीक गावच्या मुखियाकडे वजन करून नोंदवावा लागतो. एप्रिलमध्ये तौल होते, तेव्हा सगळी अफू सरकारलाच द्यायची असते. तिची घनता तपासून सत्तर अंशांच्या, म्हणजे शंभर भागांत सत्तर भाग घन अशा, हिशेबाने वजन धरतात, आणि माल नीमच किंवा गाजीपूरच्या सरकारी कारखान्यात जाऊन त्यापासून मॉर्फीन, कोडीन, थिबेन निघते. अलीकडच्या हंगामांत चिऱ्याच्या पट्ट्यासाठी हेक्टरी ४.२ किलो मॉर्फीन ही किमान अट होती. त्याखाली आलेल्यांना बोंडांना चिरा न देता ती तशीच वाळवून सरकारला देण्याचा पट्टा मिळू लागला, आणि त्याहूनही कमी भरले तर पट्टाच गेला. या सगळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय आपल्याच ग्वाल्हेरला आहे.

इतके सगळे असूनही अफू चोरबाजारात जाते, हे मंदसौरमध्ये कोणी नाकारत नाही. सरकारी भाव आणि चोरबाजारातला भाव यांत अनेक पटींचे अंतर आहे, आणि ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे त्याला ते अंतर दिसते. दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना येथून मुद्दे मिळतील : एक म्हणेल की मुखियापासून कारखान्यापर्यंत नोंद ठेवणारे राज्य हे काम करू शकते, दुसरा म्हणेल की दहा आरींच्या शेतावर इतका पहारा असूनही गळती थांबत नसेल, तर शहरातल्या दुकानांतून ती कशी थांबेल. मला दुसरा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. मात्र एक गोष्ट दोघांनीही विसरू नये की हे नियमन औषधासाठी आहे, नशेसाठी नाही. शिवाय 'एमडी'सारख्या रासायनिक द्रव्याला शेत, हंगाम आणि तौल यांपैकी काहीच लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या कारखान्यातून नऊशे किलोंच्या आसपास मेफेड्रोन जप्त झाले, ते एका औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये बनत होते.

अति कडक नियमनाची दुसरी बाजूही येथेच सांगावी. जगाला मॉर्फीनचा कच्चा माल पुरवणाऱ्या या देशात १९८५नंतर कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले, कारण रुग्णालयाला ते ठेवण्यासाठी एकाहून अधिक खात्यांचे परवाने लागत आणि किरकोळ चुकीलाही मोठी शिक्षा होती. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधी द्रव्ये' हा वर्ग निर्माण करावा लागला. घरात कर्करोगाचे दुखणे पाहिलेले लोक प्रत्येक सभेत असतात. त्यांना हे लगेच कळते.

इतिहास आणि परदेश

इतिहासावर दहा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये, पण तो टाळूही नये. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू उंट आणि बैलगाड्यांवरून मुंबईला आणि तेथून जहाजाने चीनला जात असे. ती आपल्या ताब्यात येत नाही असे पाहून ईस्ट इंडिया कंपनीने तिच्यावर वाहतुकीचा पास लावला, आणि १८४३ मध्ये सिंध जिंकून कराचीची पर्यायी वाट बंद झाल्यावर पासाचे दर चढत गेले. हा व्यापार इंदूरच्या पेढ्यांनीही केला आणि संस्थानांनीही त्यातून महसूल घेतला. ज्या सरकारची तिजोरी एखाद्या नशेवर भरते, त्याला ती कमी करणे जड जाते. चीनला होणारी निर्यात घटवण्याचा करार व्हायला १९०७ साल उजाडले.

परदेशी उदाहरणे देताना वक्ते सर्वाधिक चुका करतात, त्यामुळे संयोजकाने ती आधीच लिहून त्यांच्या हाती द्यावीत. पोर्तुगालने अमली पदार्थ कायदेशीर केले, असे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. १ जुलै २००१पासून तेथे स्वतःच्या सुमारे दहा दिवसांच्या वापराइतके द्रव्य बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी एका समितीपुढे उभे करतात आणि उपचारांकडे वळवतात, विक्री मात्र गुन्हाच आहे. म्हणजे ते पहिल्या प्रश्नाचे उदाहरण आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२०च्या मतदानानंतर तसेच केले, पण उपचारांची व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही, रस्त्यांवर उघड सेवन वाढल्याच्या तक्रारी झाल्या, आणि सप्टेंबर २०२४पासून बाळगणे पुन्हा गुन्हा झाले. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की शिक्षा उठवण्याइतकेच दवाखाना आधी उघडणेही महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी स्वित्झर्लंड पाहावे. झुरिकच्या प्लाट्सस्पिट्झ उद्यानात शेकडो माणसे उघड्यावर सुया टोचून घेत असत. ते उद्यान १९९२ मध्ये बंद करावे लागले. १९९४पासून जुन्या, इतर उपचारांनी न सुधारलेल्या रुग्णांना दवाखान्यात डॉक्टरांसमोर हेरॉईन देण्यास सुरुवात झाली, आणि २००८च्या सार्वमतात सुमारे ६८ टक्के मतदारांनी या व्यवस्थेला कायमस्वरूपी मान्यता दिली. भारतात हेरॉईन देत नाहीत, पण एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात सुया टोचणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची जिभेखाली ठेवायची गोळी केंद्रातच, कर्मचाऱ्यासमोर दिली जाते. दुसरी मागणी भारतात अगदीच नवी आहे असे म्हणणाऱ्या वक्त्याला या गोळीची आठवण करून द्यावी.

तिसऱ्या प्रश्नासाठी हेरॉईनचे उघड दुकान कोठे चालू आहे असे विचारले तर उदाहरण मिळत नाही, आणि ते तसे प्रामाणिकपणे सांगावे. सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ऑक्सिकॉन्टिन. १९९६ मध्ये बाजारात आलेली ही वेदनाशामक गोळी कायदेशीर होती, तिला सरकारी मान्यता होती, डॉक्टर चिठ्ठी देत होते. तरीही कंपनीने व्यसनाचा धोका कमी भासवून ती खपवली, २००७ मध्ये त्याबद्दल गुन्हा कबूल केला, आणि तोवर लाखो घरे त्यात ओढली गेली होती. विकणाऱ्याला खप वाढवण्यात नफा असेल, तर परवान्याची पाटी त्याला आवरू शकत नाही, एवढे माझे मत मी सूत्रसंचालक असूनही त्या दिवशी बोलून दाखवले. ते बोलायला नको होते, असे नंतर अध्यक्षांनी मला सांगितले, आणि ते बरोबर होते.

दारूची तुलना येणारच

ती आली की दोन घटना एकत्र ठेवाव्यात. जानेवारी २०२१ मध्ये मुरैना जिल्ह्यात, जेथे दारू परवान्याने मिळते, विषारी दारूने वीसहून अधिक माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटादजवळ, जेथे राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी आहे, चाळीसहून अधिक गेली. बंदी असो वा परवाना, गरीब माणूस स्वस्त पेल्याकडेच वळतो. देशातील २०१९च्या एम्सच्या सर्वेक्षणात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि सव्वादोन कोटींच्या आसपास लोक अफूवर्गीय द्रव्ये घेतात, असे दिसले. या दोन आकड्यांतील फरक कायद्यामुळे आहे की रूढीमुळे, यावर मानसोपचारतज्ज्ञाला दहा मिनिटे द्यावीत, ती वाया जात नाहीत.

प्रत्यक्ष सभेच्या दिवशी

वक्ते चारच असावेत : एनडीपीएसचे खटले चालवणारा वकील, व्यसनमुक्तीचे काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ, निवृत्त पोलीस किंवा नार्कोटिक्स अधिकारी, आणि तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हणायची तयारी असलेला एक तरी माणूस. हा चौथा माणूस शोधायला आम्हाला सर्वाधिक वेळ लागला. शेवटी एक निवृत्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका तयार झाल्या आणि सभा त्यांच्यामुळेच रंगली. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला 'अनुभवकथनासाठी' मंचावर बोलावू नये. तो स्वतःहून बोलू लागला तर गोष्ट वेगळी, पण टाळ्यांसाठी त्याला उभे करणे हे त्याच्या घरच्यांनाही नको असते.

प्रेक्षकांकडून प्रश्न तोंडी घेऊ नयेत, कारण मंडळात सगळे एकमेकांना ओळखतात आणि 'माझ्या एका मित्राच्या मुलाचे' असे म्हटले की तो मित्र कोण हे अर्ध्या सभागृहाला कळते. कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली प्रत्येक खुर्चीवर ठेवाव्यात, एक बंद झाकणाचा डबा रांगांतून फिरवावा आणि सूत्रसंचालकाने प्रश्न वाचून दाखवावेत. चित्रीकरण बंद ठेवावे, मोबाइलवरचेही. तिन्ही प्रश्नांवर सुरुवातीला आणि शेवटी गुप्त मतदान घ्यावे. आमच्याकडे पहिल्या प्रश्नावर बरीच मते फिरली, तिसऱ्यावर जवळजवळ एकही नाही.

निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला कलम ६४-अ सोप्या मराठीत छापावे, आणि त्याखाली व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ हा क्रमांक आणि शहरातील सरकारमान्य केंद्रांचे पत्ते, जिल्ह्याच्या सामाजिक न्याय कार्यालयाकडून तपासून घेऊन, मोठ्या अक्षरात द्यावेत. पत्रिका दारात वाटण्याऐवजी खुर्चीवरच ठेवाव्यात, म्हणजे ती घेताना कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. प्रश्नांच्या चिठ्ठ्या मात्र सभा संपल्यावर कार्यालयात ठेवू नयेत, त्याच रात्री फाडून टाकाव्यात. अक्षर ओळखणारी माणसे प्रत्येक मंडळात असतात.